'मिलिटरी इंटेलिजन्स' हा विनोद मराठीत होत नाही, त्याची गोष्ट

आठ-बाराच्या डोंबिवली फास्टला आमच्या कंपूत एक जण आहे, त्याच्याकडे रोज एक इंग्रजी विनोद तयार असतो. गेल्या महिन्यातला विनोद दोनच शब्दांचा होता: 'मिलिटरी इंटेलिजन्स'. लष्कर असेल तर अक्कल नसणार, आणि अक्कल असेल तर ते लष्कर नसणार. म्हणून हे दोन शब्द शेजारी ठेवणं म्हणजे 'गोड कारलं' किंवा 'रिकामी लोकल' म्हणण्यासारखं. सगळे हसले, मीही हसलो.

रविवारी मामांकडे गेलो तेव्हा त्यांना तो ऐकवला. मामा सैन्यात सिग्नल्समध्ये होते, सुभेदार होऊन निवृत्त झाले, आता सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचं वेळापत्रक सांभाळतात. ते हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. म्हणाले, "मराठीत सांग बघू."

सांगायला गेलो आणि तिथेच अडकलो. 'लष्करी गुप्तवार्ता'. यात हसायचं कुठे?

इंग्रजीत 'इंटेलिजन्स' हा एकच शब्द दोन ओझी वाहतो. एक डोक्यातली हुशारी, दुसरं शत्रूबद्दल गोळा केलेली खबर. विनोद सगळा त्या जोडकामावर उभा आहे. मराठीने ही दोन खाती वेगळीच ठेवली. बुद्धी ती बुद्धी, वार्ता ती वार्ता. आपल्या पोलिसांत राज्य गुप्तवार्ता विभाग आहे. पाटीवर हुशारीचा दावा कुठेच नाही. शिवकाळातले शब्द घ्या. जासूद, नजरबाज, हेर, हरकारा. सगळे धावणारे, पाहणारे, आणून देणारे. सभासद बखरीत बहिरजी जासूद येतो, तोही खबर घेऊन येतो. १६६४ साली सुरतेवर जायचं की नाही, हे ठरवणारे महाराज.

तेव्हा विनोद भाषांतरात मेला, पण त्याच्या पोटातला प्रश्न जिवंत राहतो. खबर हातात असूनही फौजा आंधळ्यासारख्या का वागतात? आणि हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या देशांत, बऱ्यापैकी हुशार माणसांच्या हातून का होतं? 'लष्करातली माणसं मठ्ठ असतात' एवढंच उत्तर असतं तर मामांनी मला चहा पाजून वाटेला लावलं असतं. त्याऐवजी दुपार गेली.

आधी या खात्यात काम काय चालतं ते बघू. काळा चष्मा, खोटी दाढी आणि मध्यरात्रीचा पाठलाग डोक्यातून काढून टाका. बहुतेक काम कारकुनी असतं. शत्रूच्या रेडिओला कान लावून बसायचं. विमानातून किंवा उपग्रहावरून काढलेला आजचा फोटो कालच्या फोटोशेजारी ठेवून फरक शोधायचा. गस्तीवरून परतलेल्या जवानांना प्रश्न विचारायचे, पकडलेल्या सैनिकाच्या खिशातली चिठ्ठी वाचायची, तिकडची वर्तमानपत्रं चाळायची. आपल्या लष्कराची या कामाची शाळा पुण्यात आहे, आणि तिथे जे शिकवतात त्यातलं पुष्कळसं एखाद्या चांगल्या हिशेबनीसाला ओळखीचं वाटेल.

मामा गुप्तवार्तेत नव्हते, पण सिग्नल्सच्या माणसाच्या हातून सगळे निरोप जातात. ते म्हणाले, "गस्तीच्या कागदावर काय दिसलं ते एकीकडं लिहायचं, काय वाटलं ते दुसरीकडं. दोन्हीची खिचडी केली की आमचा साहेब कागद परत फेकायचा." रात्री दोन वाजता समोरच्या रस्त्यावर तीन गाड्यांचे दिवे सरकताना दिसले, हे दिसलेलं. शत्रूची कुमक आली, हे वाटलेलं. त्या गाड्यांत पीठ आणि रॉकेलही असू शकतं. आपल्याकडे सोसायटीच्या ऑफिसात रात्री अकराला दिवा दिसला की 'सेक्रेटरी हिशेबात घोळ घालतोय' ही बातमी सकाळपर्यंत चौथ्या मजल्यावर पोहोचलेली असते. दिवा वॉचमन विसरलाय, हे कुणाला सुचत नाही.

दुसरी शिस्त मला फार आवडली. खबर आणणाऱ्याला आणि खबरेला वेगवेगळे गुण द्यायचे. ब्रिटिश नौदलाच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अनेक सैन्यांत चालते. माणसाला 'ए' ते 'एफ' यातलं एक अक्षर आणि बातमीला १ ते ६ यातला एक आकडा. 'ए' म्हणजे पूर्ण भरवशाचा माणूस, 'ई' म्हणजे बेभरवशाचा, आणि 'एफ' म्हणजे याच्याबद्दल अजून काही सांगता येत नाही. १ म्हणजे दुसऱ्या वाटेनेही पक्की झालेली बातमी, ५ म्हणजे पटण्यासारखी नाही, ६ म्हणजे पडताळताच येत नाही. एखाद्या कागदावर 'ए-५' असेल तर माणूस सोन्यासारखा आहे, पण या वेळी त्याने काहीतरी भलतंच आणलंय. 'ई-१' असेल तर माणूस थापाड्या आहे, पण या वेळी खरं बोललाय. आपण येताजाता वडापावलाही 'एकदम ए-वन' म्हणतो. या खात्यात ए-वन क्वचित दिसतं, बहुतेक कागद मधल्याच इयत्तेतले.

कौटिल्य याहून कडक आहे. अर्थशास्त्रात तो म्हणतो, 'त्रयाणामेकवाक्ये सम्प्रत्ययः'. तीन हेरांचं म्हणणं एक आलं, तरच विश्वास ठेवायचा. ज्यांच्या खबरा सारख्या विसंगत निघतात त्यांना गुपचूप शिक्षा. पण यातली खरी मेख त्याच्या थोडं आधीच्या एका वाक्यात आहे: हेरांच्या ठाण्यांनी एकमेकांना ओळखता कामा नये. ही अट गेली की तिघांची साक्ष ही एकाचीच तीनदा ऐकलेली साक्ष होते.

ती अट गेल्यावर काय होतं, ते २००३ साली जगाने पाहिलं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल ५ फेब्रुवारी २००३ रोजी संयुक्त राष्ट्रांत उभे राहिले आणि इराककडे ट्रकवर चालणाऱ्या जैविक शस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळा आहेत, असं चित्रांसकट सांगितलं. साक्षीदार चार, असंही सांगितलं. कौटिल्यापेक्षा एक जास्तच! प्रत्यक्षात इमारतीचा बहुतेक भार एकाच माणसावर होता. जर्मनीत आश्रय घेतलेला एक इराकी इंजिनियर, ज्याला अमेरिकेने सांकेतिक नाव दिलं होतं 'कर्व्हबॉल'. तो जर्मन हेरखात्याच्या ताब्यात होता. युद्ध सुरू होण्याआधी अमेरिकेच्या अधिकाऱ्यांनी त्याला स्वतः समोर बसवून नीट प्रश्नही विचारले नव्हते. उरलेल्या साक्षीदारांपैकी एकावर तर अमेरिकेच्याच संरक्षण गुप्तवार्ता खात्याने २००२ मध्ये 'हा रचून सांगतो' असा शेरा मारून ठेवला होता. शेरा फायलीत राहिला आणि माणूस भाषणात पोहोचला. प्रयोगशाळा सापडल्याच नाहीत. २०११ मध्ये त्या इंजिनियरने आपण खोटं बोललो होतो हे कबूल केलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

म्हणजे नियम होते, पद्धत होती, शेरासुद्धा होता. मग तो वर का गेला नाही?

इथे मामांनी पानिपत काढलं. साताऱ्याकडचा माणूस दुपारच्या जेवणानंतर पानिपत काढणारच, पण या वेळी ते विषयाला धरून होतं. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ दिल्लीहून उत्तरेला गेले आणि त्यांनी कुंजपुरा घेतला. रसद मिळाली, फौजेला हुरूप आला. अब्दाली तेव्हा यमुनेच्या पलीकडच्या काठावर होता आणि नदीला पाणी होतं. पाणी उतरेपर्यंत तो इकडे येऊ शकत नाही, हे गृहीत होतं. महिनाअखेरीस अब्दालीने दिल्लीच्या उत्तरेला बागपतजवळ उतार शोधला आणि फौज पार केली. काही माणसं वाहून गेली, बाकीची आली. मराठ्यांना हे कळेपर्यंत तो त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला होता. पुढचे अडीच महिने उपासमार, आणि १४ जानेवारी १७६१.

नदीच्या काठावर पुरेशा चौक्या नव्हत्या, हे एक कारण. पण चौक्या का नव्हत्या? ज्या दारातून कुणी येऊच शकत नाही, तिथे पहारेकरी बसवायचा खर्च कोण करेल? गृहीतक हे असं काम करतं. ते खबर खोटी पाडत नाही, खबर शोधायलाच जाऊ देत नाही.

जाता जाता: पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना पहिल्यांदा कळली ती स्वतःच्या जासुदाकडून नव्हे, तर वाटेत सापडलेल्या एका सावकारी पत्रातून, असं सांगतात. दोन मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा अर्थाचं ते सांकेतिक पत्र शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आपण ते डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. मामांना त्यात दुसरंच दिसतं. "व्यापाऱ्याचा हरकारा फौजेच्या हरकाऱ्यापेक्षा आधी पोचला. का? त्याला कुणाची परवानगी घ्यायची नव्हती."

पानिपतचं जुळं भावंड शोधायचं तर १९७३ चं इस्राएल. तिथल्या लष्करी गुप्तवार्ता खात्याची एक पक्की धारणा होती: इजिप्तकडे इस्राएलच्या आत खोलवर मारा करणारी विमानं किंवा क्षेपणास्त्रं येत नाहीत तोवर तो युद्ध करणार नाही, आणि इजिप्तशिवाय सीरिया एकटा करणार नाही. धारणा मूर्खपणाची नव्हती, माहितीवरच आधारलेली होती. मे महिन्यात एकदा युद्धाची हूल उठली, राखीव फौजा बोलावल्या, भरपूर खर्च झाला आणि काहीच घडलं नाही. 'युद्ध होणार नाही' म्हणणारे खात्याचे प्रमुख एली झैरा तेव्हा बरोबर ठरले. त्यामुळे ऑक्टोबरात सुएझ कालव्यापलीकडे इजिप्तचं सैन्य जमताना दिसलं, तेव्हा त्यांचं 'हा नेहमीचा सराव आहे' हे म्हणणं जास्तच वजनदार झालं. दक्षिण आघाडीवरच्या बिन्यामिन सिमान-तोव या तरुण लेफ्टनंटने दोन टिपणं लिहून कळवलं की हा सराव युद्धावर घातलेलं पांघरूण दिसतोय. ती टिपणं वरच्याच पायरीवर अडली. ६ ऑक्टोबरला दुपारी दोन वाजता इजिप्त आणि सीरियाने एकाच वेळी हल्ला केला.

माझा जन्म गिरगावातल्या चाळीतला. आमच्या चाळीला एकच जिना होता, लाकडी आणि अरुंद. सकाळी वरून उतरणारे ऑफिसवाले आणि खालून चढणारा भय्या, भाजीची टोपली डोक्यावर घेतलेली बाई, यांची मधल्या वळणावर गाठ पडायची. वाट कुणी द्यायची? खालून चढणाऱ्याने. टोपली त्याच्या डोक्यावर असली तरी. सैन्यातही जिना एकच असतो. हुकूम वरून उतरतो, वार्ता खालून चढते, आणि वळणावर वार्ता अंग चोरून भिंतीला टेकते. सैन्य चालायचं तर हुकुमाला वाट द्यावीच लागते. गोळीबार सुरू असताना 'पण साहेब, मला वाटतं' ऐकत कुणी बसू शकत नाही. आणि खबर कामाला यायची तर तिने साहेबाला 'तुम्ही चुकताय' म्हणायला हवं. विनोदात विरोधाभास असेलच तर तो मला इथे दिसतो. अक्कल दोन्ही बाजूंना भरपूर असू शकते, जिना मात्र अरुंदच राहतो.

१९७३ च्या चौकशीनंतर इस्राएलने जिना रुंद करायचा एक गमतीदार प्रयत्न केला. गुप्तवार्ता खात्यातच एक छोटी शाखा काढली, जिचं काम म्हणजे सगळ्यांच्या निष्कर्षाच्या उलट बाजू मांडणं आणि ती थेट वरपर्यंत पाठवणं. आपल्या एकत्र कुटुंबातली खवट आत्या सरकारी पगारावर ठेवावी, तसं. ही शाखा असूनही ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला त्यांना रोखता आला नाही. गाझाच्या कुंपणावर कॅमेऱ्यांसमोर बसणाऱ्या तरुण सैनिक मुलींनी पलीकडचा सराव पाहून वर कळवलं होतं, आणि त्यांचं म्हणणं मनावर घेतलं गेलं नाही. पन्नास वर्षं आणि एक दिवस.

आपलं कारगिल यापेक्षा वेगळं आहे. तिथे जिन्यावर चिठ्ठी अडली नाही, ती चुकीच्या मजल्यांवर गेली. जून १९९८ मध्ये, म्हणजे लढाईच्या जवळजवळ वर्षभर आधी, गुप्तचर विभागाने, ज्याला सगळे आयबी म्हणतात, नियंत्रण रेषेपलीकडच्या हालचालींबद्दल एक अहवाल पाठवला. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या कारगिल आढावा समितीने पुढे त्याचा माग काढला. अहवाल पंतप्रधान, गृहमंत्री, वरिष्ठ सचिव आणि लष्करी कारवायांचे महासंचालक यांना गेला होता. पण ज्या तीन खुर्च्यांचा हा रोजचा विषय, म्हणजे 'रॉ'चे प्रमुख, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक, त्यांना तो पाठवलाच नव्हता. जो माणूस हा तुकडा आपल्याकडच्या दुसऱ्या तुकड्याला जोडू शकला असता, त्याच्यापुढे तुकडाच आला नाही. त्यात पुन्हा एक यमुना होतीच: हिवाळ्यात त्या उंचीवर मोठी घुसखोरी शक्य नाही. दोन्ही बाजू थंडीत काही चौक्या रिकाम्या करायच्या, ती वहिवाट होती. मे १९९९ च्या सुरुवातीला बटालिककडे घुसखोर पहिल्यांदा दिसले ते मेंढपाळांना, आणि त्यांनी ते सैन्याला सांगितलं. समितीच्या शिफारशींनंतर २००२ मध्ये तिन्ही दलांची मिळून संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की वर बसलेल्यांनी प्रत्येक इशारा गांभीर्याने घेतला की झालं. मुंबईकराला तरी हे वाटू नये. दादरला संध्याकाळी सातला उभं राहून बघा. एका वेळी तीन फलाटांवरच्या घोषणा, त्यात 'संशयास्पद वस्तू दिसल्यास हात लावू नका', त्यात गाडीचा भोंगा. संशयास्पद वस्तूची घोषणा आपण इतक्या वेळा ऐकलीय की ती ऐकूच येत नाही. आणि दादरला बेवारस पिशवी शोधायची म्हणजे, अर्धा फलाट पिशव्यांचाच.

यातलं गणित छोटं आहे. समजा, समुद्रात १०,००० होड्या आहेत आणि त्यातली एक वाईट हेतूने आलेली आहे. तुमच्याकडे इतकी चांगली व्यवस्था आहे की ती १०० पैकी ९९ वेळा बरोबर सांगते. ती ती एक होडी पकडेल, आणि उरलेल्या ९,९९९ चांगल्या होड्यांपैकी सुमारे १०० होड्यांवरही बोट दाखवेल. म्हणजे १०१ फोन, त्यातला खरा एक. पहिल्या फोनला सगळे धावतात. विसाव्याला चौकशी करतात. साठाव्या फोनला ठाणे अंमलदार आधी चहा संपवतो. तो आळशी नाही. मागच्या एकोणसाठ फोनांनी त्याला हेच शिकवलंय.

रायगडच्या किनाऱ्यावर या गणिताची दोन टोकं एकाच तालुक्यात सापडतात. १९९३ च्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत फुटलं. २५७ माणसं गेली. तिथे किनाऱ्यावर कुणाला काहीच माहीत नव्हतं असं नाही. डोळे झाकायचे पैसे दिले गेले होते, आणि पुढे टाडा न्यायालयाने कस्टम आणि पोलिसांतल्या काही जणांना त्यासाठी शिक्षा केली. आता १८ ऑगस्ट २०२२ घ्या. त्याच तालुक्यातल्या हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७ आणि काडतुसं. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, दोन आठवड्यांवर गणपती. नाकाबंदी लागली, वाहिन्यांवर लाल पट्ट्या धावल्या, आमच्या आईने मला ऑफिसातून लवकर निघायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत उलगडलं की बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती. जूनमध्ये ओमानजवळ इंजिन बंद पडलं, माणसांना वाचवलं आणि रिकामी बोट वाहत वाहत कोकणात आली. नाकाबंदी चुकली का? मुळीच नाही, दुसरं काही करताच आलं नसतं. पण पुढची रिकामी बोट लागेल तेव्हा कुठेतरी कुणीतरी म्हणेलच, 'असेल, ओमानहून आलेली.'

आणि मग २००८. २६ नोव्हेंबरच्या रात्री दहा जण 'कुबेर' ही पळवलेली मच्छीमार बोट सोडून रबरी बोटीने कफ परेडला बधवार पार्काजवळच्या कोळी वस्तीत उतरले. समुद्राकडून हल्ला होऊ शकतो, दक्षिण मुंबईतली मोठी हॉटेलं लक्ष्य असू शकतात, अशा सूचना आधीच्या काळात येऊन गेल्या होत्या. नंतर राम प्रधान समितीने याच गोष्टींची चौकशी केली. या सूचनांबद्दल आज वाचताना राग येतो, कारण आज आपल्याला माहीत आहे की कुठला कागद खरा होता. तेव्हा तो इतर कागदांच्या गठ्ठ्यात होता आणि त्यावर तारीख नव्हती, वेळ नव्हती, किनारा नव्हता. हे सगळ्यांना माफ करण्यासाठी लिहीत नाही. तारीख नसली तरी किनाऱ्यावर माणूस आणि बोट वाढवता येते. राग कशाचा करायचा तेवढं नेमकं असावं, इतकंच.

फसलेल्या गोष्टी चौकशी समितीमुळे आपल्यापर्यंत येतात. जमलेल्या गोष्टी दाबलेल्याच राहतात, कारण जमलेली वाट पुन्हा वापरायची असते. तरी दोन-चार बाहेर आल्या आहेत. २६ मे १९९९ रोजी जनरल मुशर्रफ बीजिंगमध्ये होते आणि रावळपिंडीहून लेफ्टनंट जनरल अझीझ त्यांच्याशी फोनवर कारगिलबद्दल बोलत होते. ते संभाषण 'रॉ'ने ऐकलं आणि जूनमध्ये भारत सरकारने जाहीर केलं. घुसखोर म्हणजे मुजाहिदीन, पाकिस्तानी सैन्याचा संबंध नाही, ही भूमिका त्या टेपेने संपवली. कारगिल येताना दिसलं नाही आणि कारगिल कोण चालवतंय हे ऐकू आलं. एकाच उन्हाळ्यात, एकाच देशाला.

मामांची आवडती गोष्ट मात्र ढाक्याची. सिग्नल्सचा माणूस असल्यामुळे असेल. १४ डिसेंबर १९७१ ची सकाळ. ढाक्यातला एक बिनतारी संदेश आपल्या ऐकणाऱ्यांनी टिपला: दुपारी पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरच्या उपस्थितीत महत्त्वाची बैठक आहे. गुवाहाटीच्या हवाई तळावर २८ व्या स्क्वाड्रनच्या विंग कमांडर बिश्नोई यांना हुकूम मिळाला. वेळ इतका कमी की लष्करी नकाशा नव्हता. हातात आला तो ढाका शहराचा पर्यटकांसाठीचा नकाशा. लक्ष्य सांगितलं होतं सर्किट हाउस. विमानात बसल्यावर कुणीतरी चिठ्ठी घेऊन धावत आलं: सर्किट हाउस नाही, गव्हर्नमेंट हाउस. मिग-२१ विमानं उडाली, नकाशावर बोट ठेवून इमारत शोधली, आणि रॉकेटं सोडली ती सभागृहाच्या छतावर. गव्हर्नर मलिक यांनी तिथल्या तिथेच राजीनामा लिहिला आणि रेडक्रॉसच्या आसऱ्याला हॉटेल इंटरकॉन्टिनेंटलमध्ये गेले. दोन दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली.

"आता सांग," मामा म्हणाले, "यात हुशार कोण? ज्यानं ऐकलं तो? विमानवाला?" मी विमानवाला म्हणालो. मामांच्या मते चिठ्ठी घेऊन धावणारा. कुणीतरी शेवटच्या मिनिटाला म्हणालं की आधीची खबर चूक आहे, आणि ते ऐकून हुकूम बदलला गेला. ते दिवस मुंबईतही ब्लॅकआउटचे होते; आजी सांगायची, खिडक्यांना काळे कागद लावले होते आणि गाड्यांचे दिवे अर्धे काळे रंगवले होते. त्या अंधारात कुणालाही यातलं काही माहीत नव्हतं.

२६/११ नंतर या किनाऱ्यावर बरंच बदललं. मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली, होड्यांना रंग ठरवून दिले गेले, सागरी पोलीस ठाणी वाढली, आणि कोळ्यांना अधिकृतपणे सांगितलं गेलं की तुम्ही आमचे डोळे आणि कान आहात. 'सागर कवच' नावाचा सराव होतो. त्यात आपलेच काही लोक हल्लेखोर बनून समुद्रातून येतात आणि बाकीच्यांनी त्यांना किनाऱ्याला लागण्याआधी पकडायचं.

हे सगळं डोक्यात घेऊन मागच्या आठवड्यात ऑफिसातून लवकर सुटलो आणि कुलाब्याला ससून डॉकवर गेलो. दुपारची वेळ, बाजार उठलेला, ओल्या लाद्यांवर बर्फाचा चुरा. एक वयस्क तांडेल सावलीत जाळं सांधत बसला होता. विचारलं, समुद्रात अनोळखी बोट दिसली तर काय करता?

"फोन लावतो."

मग?

मग नाव विचारतात, बोटीचा नंबर विचारतात, कुठे दिसली ते विचारतात. दुसऱ्या दिवशी जबाबाला बोलावतात. एकदा गेला होता. अर्धा दिवस बाकावर बसला, त्या दिवसाची मासळी दुसऱ्याने विकली, आणि ती बोट गुजरातची निघाली, वाट चुकलेली.

त्यानंतर परत कधी फोन केला का, म्हणून विचारलं. त्याने सुई दाताखाली धरली, दोऱ्याला गाठ मारली.

"केला ना. जाळं ओढून झाल्यावर."